खिदमतमाश ते मानधन: नांदेड-बिदर टापूतील मदरशांचा कारभार

मदरसा उभा राहतो तो तिघांवर. शिकवणारा मुदर्रिस, कारभार पाहणारा नाझिम किंवा मोहतमिम, आणि या दोघांच्या पोटाची सोय करणारा. हा तिसरा कधी सुलतान असतो, कधी वक्फाचा मुतवल्ली, कधी सरकारी खाते, तर कधी गावातली वर्गणी देणारी वस्ती. मुदखेड, भोकर, कंधार, देगलूर आणि पलीकडे उदगीर, औसा, बिदर या टापूत सुमारे सहाशे वर्षांत या तिघांचे नाते अनेकदा बदलले. बदलाचे कारण बहुतेक वेळा धर्मशास्त्रात सापडत नाही, पैसा कुठून आला यात सापडते. मदरशात कोणाला नेमायचे, कोणी कोणाचे ऐकायचे, उस्तादाला काढायचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे खर्च भागवणाऱ्याच्या हातात राहिली.

शिकवणाऱ्यांची उतरंड ठरवून देणारी मोठी संस्था म्हणून बगदादच्या निजामियाचे नाव घेतले जाते. सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क याने ती अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारली. तिथे मुख्य मुदर्रिस, त्याचा नायब, आणि दिलेला पाठ विद्यार्थ्यांकडून पुन्हा घोटून घेणारा मुईद अशी रचना होती. खर्च वक्फाच्या उत्पन्नातून चाले. 1091 मध्ये इमाम गझाली यांना तिथे मुख्य आसनावर बसवले ते वजिराने. नेमणूक हा राज्यकर्त्याचा अधिकार होता. दख्खनमध्ये आलेली पद्धत याच घडणीची होती.

नांदेड जिल्ह्याच्या आजच्या हद्दीतील सर्वात जुना उल्लेख कंधारचा आहे. बहमनी सुलतान दुसरा मुहम्मद शाह (1378–1397) याने अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या आणि तिथल्या शिक्षकांचा खर्च राज्याने उचलला, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. ज्या गावांत या शाळा निघाल्या त्यांच्या यादीत गुलबर्गा, बिदर, दौलताबाद, एलिचपूर, चौल, दाभोळ यांच्याबरोबर कंधारही आहे. फिरिश्ताने हे दोनशेहून अधिक वर्षांनंतर, विजापुरात बसून लिहिले, म्हणून तपशिलावर फार भार टाकता येत नाही. तरीही एक गोष्ट दिसते. शिक्षकाला वेतन, मुलांना अन्न, आणि दोन्हींचा खर्च एकाच खजिन्यातून, ही व्यवस्था या मुलखात चौदाव्या शतकातच रुजली होती. शाळेवर देखरेख करणारा वेगळा अधिकारी त्यात दिसत नाही. राज्याचा हिशेब हीच देखरेख.

बिदरचा महमूद गावान मदरसा हे त्याच्या पुढचे पाऊल. गावान हा इराणी वंशाचा वजीर बहमनी राज्याचा कारभारी होता. त्याने 1472 मध्ये बांधलेल्या तीन मजली इमारतीत विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या, शिक्षकांसाठी सहा प्रशस्त दालने, मशीद आणि ग्रंथालय होते. सुमारे तीन हजार हस्तलिखिते तिथे होती असे सांगितले जाते. शिक्षकाची राहण्याची सोय विद्यार्थ्यांच्या शेजारीच केल्यामुळे तो चोवीस तास संस्थेचा माणूस झाला. आजच्या निवासी मदरशातील उस्तादाचे जगणे अजूनही असेच आहे. गावानने शिक्षक मिळवण्यासाठी थेट इराण-खुरासानातील विद्वानांशी पत्रव्यवहार केला. हेरातचा कवी आणि सूफी पंडित जामी याला त्याने आमंत्रण दिले होते, पण जामी आला नाही. नामवंत माणूस ओढून आणून संस्थेचे नाव करायचे, ही भरतीची रीत जुनीच आहे.

मात्र संस्थेचे सारे बळ एका आश्रयदात्यात होते. 5 एप्रिल 1481 रोजी खोट्या पत्राच्या आरोपावरून सुलतानाने गावानचा शिरच्छेद करवला. राज्यही लवकरच फुटले, आणि मदरशाची पुन्हा तशी भरभराट झाली नाही. 1696 मध्ये, मोगलांच्या ताब्यात असताना, स्फोटाने इमारतीचा मोठा भाग ढासळला. उरलेला मिनार आणि रंगीत फरशा आज पुरातत्त्व खाते सांभाळते. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे लातूरकडील मंडळींना हा मदरसा परका नव्हता.

मोठे मदरसे थोडे होते. गावोगाव चालत होता तो मकतब: मशिदीच्या ओट्यावर सकाळी तासभर अक्षरओळखीचा कायदा, मग अम्मपारा, मग नाजिरा कुराण. तिथे शिकवणारा बहुधा गावचा मुल्ला किंवा पेशइमाम असे. मराठी गावगाड्यात मुलाण्याला बलुत्यात वाटा होता. बोकड हलाल करण्यापासून दर्ग्याच्या दिवाबत्तीपर्यंतची कामे त्याच्याकडे होती, आणि सुगीत त्याला इतर बलुतेदारांसारखे धान्य मिळे. याशिवाय मोगल आणि पुढे आसफजाही म्हणजे निजामाच्या काळात सनदेने जमिनी दिल्या गेल्या. विद्वान कुटुंबाच्या निर्वाहासाठी दिलेली ती मददमाश, आणि ठरावीक सेवेच्या बदल्यात दिलेली ती खिदमतमाश. मराठवाड्यातील सातबाऱ्यावर आणि महसुली दाव्यांत खिदमतमाश जमिनीचा उल्लेख अजूनही येतो.

या पद्धतीत उस्तादाचा पगार म्हणजे शेत. शेत वडिलांकडून मुलाकडे जाई, म्हणून शिकवण्याचे कामही वारशाने जाई. मुलाला कुराण नीट वाचता येते का, हे पाहण्याची यंत्रणा गावात नव्हती. वारस लहान असेल किंवा दुसऱ्या धंद्यात असेल तर तो थोड्या धान्यावर एखादा नायब ठेवी. जमिनीचे उत्पन्न एकाचे आणि सकाळचा सबक दुसऱ्याचा. काझींच्या घराण्यांत तर नायब काझी ठेवण्याची रीत सर्रास होती. कामावर हजर राहणाऱ्याला सर्वात कमी मिळावे, ही या व्यवस्थेतली खरी दुखरी जागा होती. पुढच्या प्रत्येक व्यवस्थेत ती वेगळ्या रूपाने पुन्हा दिसते.

जमीन देण्यामागे एक धर्मशास्त्रीय पेचही होता. कुराण शिकवण्याबद्दल मजुरी घेणे जुन्या हनफी आचार्यांनी नाजायज मानले होते, कारण उपासनेचे काम भाड्याने करता येत नाही. त्या काळी खजिन्यातून उलेमांना निर्वाहवेतन मिळत होते, म्हणून हा नियम पाळणे शक्य होते. ती सोय आटल्यावर नंतरच्या हनफी फकिहांनी, विशेषतः बल्खच्या विद्वानांनी, गरज म्हणून मोबदल्याला परवानगी दिली. नाहीतर शिकवायला कोणी उरणार नाही आणि विद्याच बुडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘हिदाया’ या प्रमाणग्रंथात हा बदल नोंदलेला आहे. मौलवीच्या पगाराचा विषय काढायला आजही समाजात संकोच वाटतो, त्याचे मूळ इथवर जाते. सेवा अल्लाहसाठी आहे हे मान्य करूनही घर चालवायला रोख लागते, हे शास्त्राने आठशे वर्षांपूर्वी ओळखले होते. व्यवहाराने मात्र ते अर्धवटच स्वीकारले.

वंशपरंपरेच्या या चौकटीत पात्रतेची अट घालण्याचा सर्वात ठळक प्रयत्न ज्यांच्या नावावर आहे ते मौलाना मुहम्मद अन्वारुल्लाह फारूकी याच कंधारचे. त्यांचा जन्म 1264 हिजरीत, म्हणजे 1848 मध्ये, काझींच्या घरात झाला. पुढचे शिक्षण हैदराबादेत, लखनौच्या फरंगी महल घराण्यातील मौलाना अब्दुल हलीम आणि मौलाना अब्दुल हई यांच्याकडे झाले. अठराव्या शतकात मुल्ला निजामुद्दीन यांनी घालून दिलेला ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम याच घराण्याचा. तरुणपणी अन्वारुल्लाह यांनी महसूल खात्यात नोकरी धरली. व्याजाच्या व्यवहाराचा सारांश लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ती सोडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान या दोघांचे ते उस्ताद झाले.

1292 हिजरीत (1876) हैदराबादेत मदरसा निजामिया सुरू झाला. आजचा जामिया निजामिया तो हाच. तो त्यांच्या नेतृत्वाखाली वाढला. तिथली घडण पाहिली तर तीत दोन अधिकार वेगळे ठेवलेले दिसतात. विद्येच्या बाजूला शेख-उल-जामिया, आणि त्यांच्या हाताखाली फिक्ह, हदीस, अदब अशा विषयांचे शेख. कारभाराच्या बाजूला अमीर-ए-जामिया, मजलिस आणि मोतमद म्हणजे चिटणीस. मौलवी, आलिम, फाजिल, कामिल अशा पायऱ्या आणि त्यांच्या परीक्षा ठरल्या. ज्याला शिकवायचे त्याच्याकडे सनद हवी, आणि सनद घराण्याने नव्हे तर परीक्षेने मिळणार, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा.

1911 मध्ये उस्मान अली खान गादीवर आल्यावर अन्वारुल्लाह यांच्याकडे उमूर-ए-मजहबी, म्हणजे धार्मिक बाबींचे खाते आणि सद्र-उस-सुदूर हे पद आले. राज्यातील काझी, खतीब, इमाम, मुअज्जिन, मुल्ला या सगळ्यांना मिळून ‘अहल-ए-खिदमत-ए-शरइया’ म्हणत. त्यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची घडी बसली. नमाज, जनाजा, निकाह, जबिहा यांचे नियम नीट येतात का, हे आता कोणीतरी तपासू लागले. जमीन वारशाने मिळो, काम मात्र शिकूनच करायचे. वतनदारीला हात न लावता तिच्या दाराशी परीक्षा बसवणे, ही युक्ती प्रशासनाच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली होती. जामिया निजामियाकडून ही परीक्षा आजही घेतली जाते. 1888 चे दायरतुल मआरिफ ही ग्रंथप्रकाशन संस्था आणि 1891 चे आसफिया ग्रंथालय यांच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. ‘फजीलत जंग’ हा किताब मिळालेले हे गृहस्थ 1336 हिजरीत (1918) वारले आणि त्यांना जामियाच्याच आवारात दफन केले. कंधारच्या इतिहासात किल्ला आणि हाजी सय्याह सरवर मख्दूम यांचा दर्गा यांची चर्चा पुष्कळ होते. या माणसाचीही व्हायला हवी.

याच सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग सिकंदराबादपासून मनमाडपर्यंत 1900 च्या आसपास पूर्ण झाला. मुदखेड या मार्गावरचे स्टेशन. पुढे आदिलाबादची शाखा तिथून फुटल्याने ते जंक्शन झाले. नांदेडकडच्या खेड्यांतून राजधानीला जाणे यामुळे सोपे झाले. मदरशाच्या माणसांसाठी याचा अर्थ असा की शिक्षण, परीक्षा, सनद आणि नेमणूक या चारही गोष्टी हैदराबादेत एकवटल्या. गावच्या पाटील-काझीच्या शब्दापेक्षा राजधानीतल्या खात्याचा कागद वजनदार ठरू लागला.

सरकारी शाळांची व्यवस्था वेगळी होती, पण तिची सावली मदरशांवर पडली. पहिल्या सालारजंगाने 1850 च्या दशकात दार-उल-उलूम काढले. 1880 च्या दशकात राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली, आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले. शाळांवर सदर मुदर्रिस, जिल्ह्यावर मोहतमिम तालीमात, सर्वांच्या वर नाझिम तालीमात अशी साखळी होती. बढती, बदली, निवृत्तिवेतन या गोष्टी उर्दू जाणणाऱ्या मौलवीला प्रथमच मिळाल्या. मराठी बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना मात्र वरच्या वर्गांत परक्या माध्यमात शिकावे लागले, आणि या खात्यांचा खर्च सगळ्या रयतेच्या साऱ्यातून जात होता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय अशा संस्था याच अन्यायातून उभ्या राहिल्या. दोन्ही ठिकाणी शिक्षक म्हणून काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झाले.

सप्टेंबर 1948 मध्ये भारताच्या पोलीस कारवाईने निजामाचे राज्य संपले. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाडा आधीच होरपळला होता; पोलीस कारवाईनंतरच्या सूडाच्या हिंसेची सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतील मुस्लिम वस्तीला बसली, असे सुंदरलाल समितीने नोंदवले. मदरशांच्या दृष्टीने या वर्षी आश्रयदाताच नाहीसा झाला. 1949 मध्ये जहागिरी गेल्या. उर्दू ही राज्यभाषा राहिली नाही, त्यामुळे उर्दू सनदेला नोकरी मिळेनाशी झाली. 1954 च्या इनाम निर्मूलन कायद्याने धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे वगळली. पण कागदावर राहिलेली जमीन हातात राहतेच असे नाही. खिदमतमाश शेते कुळांकडे गेली, विकली गेली, त्यांवर अतिक्रमणे झाली. जी उरली त्यांचे दावे वक्फ मंडळाच्या आणि महसूल खात्याच्या दप्तरात पडून राहिले. मराठवाड्याच्या वक्फांचे कामकाज औरंगाबादेतील पाणचक्कीतून चालू लागले. ही पाणचक्की स्वतःच एका खानकाहच्या कारभाराचा नमुना आहे: पाण्यावर फिरणाऱ्या जात्यावर फकीर आणि विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जाई.

जमीन आणि सरकार दोन्ही गेल्यावर उरला चंदा. त्याची कार्यपद्धती उत्तरेत आधीच तयार होती. 1866 मध्ये देवबंदला दारुल उलूम सुरू करणाऱ्या मौलाना कासिम नानौतवी यांनी संस्थेसाठी आठ तत्त्वे लिहून ठेवली होती. त्यांत संस्थेने कायमच्या उत्पन्नावर आणि सरकार किंवा अमीर-उमरावांच्या मदतीवर विसंबू नये, सामान्यांच्या वर्गणीवर चालावे; मोहतमिमाने सल्लागारांना विचारूनच काम करावे; आणि शिक्षकांनी एकमेकांशी जुळवून राहावे, आपल्याच मताचा आग्रह धरू नये, असे सांगितले आहे. 1857 नंतर नबाब आणि जमीनदार कोसळताना पाहिलेल्या माणसाचा हा शहाणपणा होता. मराठवाड्याला त्याची किंमत 1948 नंतर कळली.

चंद्यावर चालणाऱ्या मदरशात मजलिस-ए-शूरा धोरण ठरवते, मोहतमिम रोजचा कारभार पाहतो, नाझिम-ए-तालीमात तासिका आणि परीक्षा सांभाळतो, वसतिगृहावर निगराँ असतो, आणि मतबखात म्हणजे भटारखान्यात स्वयंपाकी. वर्ष शव्वालमध्ये सुरू होते, शाबानमध्ये वार्षिक परीक्षा होते, रमजानमध्ये सुट्टी. उस्तादांना मात्र ही सुट्टी नावापुरतीच. हाफिज तरावीह पढवायला जातात, आणि कित्येक जण पावतीपुस्तक घेऊन सफीर म्हणून शहरोशहर वर्गणी गोळा करतात. पुढच्या अकरा महिन्यांचा पगार या एका महिन्याच्या पायपिटीवर ठरतो. शिकवणाऱ्याला स्वतःच्याच वेतनासाठी दारोदार जावे लागणे योग्य नाही, आणि समाजातील जाणत्या लोकांनी त्यावर वारंवार बोट ठेवले आहे.

यात जकातीचा नियम येऊन मिळतो. हनफी मतानुसार जकातीचा पैसा गरजू माणसाच्या मालकीत गेला पाहिजे. पगार हा कामाचा मोबदला असल्याने तो जकातीतून देता येत नाही, बांधकामही करता येत नाही. गरीब विद्यार्थ्याचे जेवण, कपडे, पुस्तके यांवर जकात चालते. म्हणून मदरशाच्या वहीत जकात आणि इमदाद म्हणजे इतर देणग्या अशी दोन वेगळी खाती ठेवावी लागतात. रमजानात येणाऱ्या रकमेत जकातीचा वाटा मोठा असल्याने मतबखाचा खर्च भागतो आणि उस्तादाचे वेतन अडते. विद्यार्थ्याच्या मालकीत रक्कम देऊन ती त्याच्याकडून फीच्या रूपाने परत घेण्याची ‘तमलीक’ ही वाट काढली गेली. तिच्या वैधतेबद्दल मुफ्तींमध्ये मतभेद आहेत. चांगला मोहतमिम कोण, हे ठरवायला या दोन खात्यांची वही पुरेशी असते.

महाराष्ट्रात या पद्धतीची सर्वात मोठी उभारणी नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याला झाली. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी 1979-80 च्या सुमारास तिथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम काढले. खेड्यापाड्यांत मकतब सुरू करायचे, तिथला मुअल्लिम केंद्राने नेमायचा, पगार आणि तपासणीही केंद्राने करायची, अशी ही जाळ्याची रचना होती. बीएड, अभियांत्रिकी, औषधनिर्माण असे शिक्षणही त्यांनी जोडले; जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालय काढले. जानेवारी 2011 मध्ये देवबंदच्या शूराने त्यांना मोहतमिम निवडले. गुजरातविषयीच्या त्यांच्या वक्तव्यावरून वाद उठला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये शूराने त्यांना पदावरून दूर केले. अक्कलकुव्यात ते अखेरपर्यंत प्रमुख राहिले. मे 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. स्थापकाच्या शब्दावर चालणारी संस्था आणि शूराच्या बहुमतावर चालणारी संस्था यांतला फरक या एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसला.

मदरशाबरोबर मुस्लिम संस्थांनी चालवलेल्या उर्दू शाळा हा दुसरा प्रवाह. त्यांना राज्यघटनेच्या कलम 30 चे संरक्षण आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्याने अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि नावे कळवलेले आणखी तिघे कर्मचारी यांची भरती कायद्याच्या अटींबाहेर करण्याची मुभा दिली. इतर शाळांत मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने मिळते, इथे व्यवस्थापन आपला माणूस निवडू शकते. काही संस्थांनी या मुभेतून दृष्टी असलेले मुख्याध्यापक आणले, तर काही ठिकाणी अध्यक्षांच्या नातलगांची सोय झाली आणि वर्षानुवर्षे राबलेले ज्येष्ठ शिक्षक मागे पडले. तरीही अनुदानित शाळेतील शिक्षकाला सरकारी वेतनश्रेणी, रजा आणि सेवापुस्तक मिळते. त्याच मोहल्ल्यातील मदरशाच्या उस्तादाकडे यातले काही नसते. 2012 च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यातूनही मदरसे आणि वेदपाठशाळा वगळल्या गेल्या.

राज्य सरकारचा पैसा मदरशात परत आला तो 2013 मध्ये, डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेने. नोंदणीकृत मदरशाला गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, इंग्रजी असे विषय शिकवण्यासाठी जास्तीत जास्त तीन शिक्षकांचे मानधन मिळू लागले: डीएड शिक्षकाला दरमहा 6,000 आणि बीएड शिक्षकाला 8,000 रुपये. ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ते 16,000 आणि 18,000 केले. अनेक मदरशांनी अनुदानाबरोबर तपासणी येईल या शंकेने योजना घेतली नाही. नानौतवींच्या तत्त्वाचा तो दूरचा परिणाम होता. जिथे ती घेतली तिथे एका छताखाली दोन प्रकारचे शिक्षक आले. दुपारी गणित शिकवणाऱ्याचे मानधन सरकार देते आणि त्याच्या पात्रतेची अट सरकारने घातलेली आहे. पहाटेपासून हिफ्ज म्हणजे कुराणपाठांतर घेणाऱ्या हाफिजजींना या योजनेत जागा नाही. त्यांचे वेतन कमिटी ठरवते, आणि ते रमजानच्या पावतीपुस्तकातील इमदादच्या रकान्यातून दिले जाते.